सात नंबरचा जाझवाला

जॅझमध्ये कुणाला ऐकावं, असं मला अजूनही अधूनमधून कुणीतरी विचारतं. विचारणाऱ्याला नावं हवी असतात. नावांचं तो काय करणार हे मला ठाऊक असतं. पुढच्या बैठकीत, दुसरा घोट घेता घेता, ती हळूच टाकणार. मी त्याला नाव सांगत नाही. तो समजतो मी आढ्यताखोर आहे. तसा मी आहेच, पण या बाबतीत कारण साधं आहे. मला एकाही जॅझवाल्याचं नाव माहीत नाही.

ही विद्या मला मुंबईच्या एका अभ्यासवर्गात मिळाली. तीन दिवस भांडवलशाहीचं संकट समजून घेतल्यावर (ते आम्हाला समजलं, भांडवलशाहीला अजून समजलेलं नाही) निघताना एका दाढीवाल्या मित्रानं माझ्या हातात एक पेन ड्राइव्ह ठेवला. पेणच्या माणसाला पेन ड्राइव्ह देताना जो विनोद सुचतो तो त्यालाही सुचला, आणि त्यानं तो केलाही. मग गंभीर होऊन म्हणाला, "हे ऐक. गुलामांच्या नातवंडांचं संगीत आहे. यात सगळं आहे."

सगळं होतं, फक्त नावं नव्हती. तो पेन ड्राइव्ह इतक्या कॉम्रेडांच्या हातून आला होता की प्रत्येक कॉपीत काहीतरी गळत गळत शेवटी उरलं होतं ते ट्रॅक एक, ट्रॅक दोन, असे चौदा आकडे. वर्गविहीन समाज यायच्या आत नामविहीन समाज येऊन गेला होता. मला त्याचं वाईट वाटलं नाही. उलट तत्त्वाला धरूनच आहे असं वाटलं. त्या वयात मला बऱ्याच गोष्टी तत्त्वाला धरून आहेत असं वाटायचं.

याला घरचं वळण कारणीभूत. माझे वडील मिठागर कामगारांच्या युनियनमध्ये. आमच्या पेणच्या घरात देवाच्या तसबिरी नव्हत्या, पत्रकं होती. फळीवर पत्रकं अंथरलेली, डब्यातली भाकरी पत्रकात गुंडाळलेली, माझी शाळेची गणितं पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर. इतर मुलं 'कमळ बघ' वाचून शिकली, मी 'जाहीर निषेध' वाचून शिकलो. त्यामुळे पेन ड्राइव्हमधला ट्रॅक दोन मी वडिलांना मोठ्या अभिमानानं ऐकवला. त्यांनी डोळे मिटून तो अथपासून इतिपर्यंत ऐकला आणि विचारलं, "यांची मागणी काय आहे?"

"बाबा, नुसती वाद्यं आहेत."

"असू देत. पण एवढा आरडाओरडा करायचा आणि शेवटी मागणी ठेवायची नाही, याला काय अर्थ आहे?"

आई आतून म्हणाली, "माझी मागणी आहे. बंद कर, कुकरच्या शिट्ट्या मोजता येईनात."

तर असा मी घरी उपेक्षित जॅझपंडित असताना रोह्याहून माझ्या आतेभावाचा फोन आला. त्याला मी दादा म्हणतो. दादा रोह्याच्या एमआयडीसीत केमिकल कंपनीत शिफ्टला, आणि कंपनीतल्याच पाच जणांना घेऊन त्यानं बेंजो पार्टी काढलेली, स्वतः कीबोर्डवर. हळदी, पूजा, गणपती, क्रिकेटचा कप जिंकलेली आळी, जिथं चार माणसं नाचायला तयार होती तिथं हे वाजवायला हजर.

"काय रे," दादा म्हणाला, "तुला जाझवाल्यांची लय म्हायती हाय म्हनं? मामा सांगत व्हता."

वडिलांनी माझी एवढी कीर्ती पसरवली असेल असं मला वाटलं नव्हतं. "आहे थोडीफार," मी म्हणालो.

"मंग एक चांगला जाझवाला सांग ना. अर्जंट हाय."

"एक कशाला? चौदा सांगतो."

"चौदा?" दादा गार पडला. "बाबौ! ये मग रविवारी. सगल्यांच्या समोरच सांग."

रोह्यासारख्या ठिकाणी, बारा तास ॲसिडच्या वासात उभं राहणाऱ्या कामगाराला जॅझ कुणाचा ऐकावा हा प्रश्न अर्जंट वाटावा! मला भरून आलं. मी त्या आठवड्यात चार पानांचं पत्रक लिहिलं. मथळा: 'श्रमिकांचा ताल'. सुरुवात अर्थातच 'बंधू-भगिनींनो'. त्यात मी ट्रॅक तीनचा ड्रमवाला, ट्रॅक सातचा ड्रमवाला, ट्रॅक अकराचा सॅक्सोफोनवाला अशी एकेकाची शिफारस केली होती. नावं माहीत नसली तरी त्यांच्या राजकीय भूमिका मला नेमक्या कळल्या होत्या. सात नंबरविषयी मी लिहिलं होतं, 'हा सत्तेनं ठरवून दिलेला ताल नाकारतो.' हे वाक्य मला इतकं आवडलं की ते मी दोनदा वापरलं होतं.

रविवारी दुपारच्या गाडीनं रोह्याला गेलो. आत्याच्या पडवीत पार्टीची सगळी मंडळी बसली होती. मधे बेंजो, कीबोर्ड, ढोल, ताशे, आणि कोपऱ्यात गोधडीखाली झाकलेला ड्रमसेट. मी उभा राहून चारही पानं वाचली. श्रोते इतके शांत की मला माझ्या वक्तृत्वाचीच भीती वाटली. वाचून झाल्यावर बेंजोवाल्यानं घसा साफ केला. हा पार्टीतला वयानं सर्वांत मोठा, रिटायरमेंटला आलेला, कमी बोलणारा माणूस.

"त्यो सात नंबरवाला बरा वाटतोय," तो म्हणाला. "ऱ्हातो कुटं?"

"अमेरिकेत."

"हां. मंग सुट्टीवर कदी येनार?"

प्रश्न रास्त होता. तिथं प्रत्येक आळीतलं कुणी ना कुणी आखातात आहे, आणि बाहेर असलेला माणूस सुट्टीवर येतो, हाच त्यांचा भूगोल.

"तो बहुतेक वारला असणार," मी म्हणालो. "जुनं रेकॉर्डिंग आहे."

"आरारा." बेंजोवाल्यानं खरोखर हळहळून मान हलवली. "आनि तीन नंबर?"

"तोही."

दादानं माझ्या हातातली चार पानं घेतली, उलटीसुलटी करून पाहिली. "म्हंजे तू चौदाच्या चौदा मेलेले आनलेस?"

"कार्यक्रम पितृपक्षात हाय," ढोलवाला म्हणाला. "त्यानं मानसं बरोबर आनलीत."

पडवी फुटेस्तोवर हसले. हसून झाल्यावर मला समजावून सांगण्यात आलं की त्यांच्याकडे ड्रमसेटलाच जाझ म्हणतात. जुन्या बँडवाल्यांपासून चालत आलेला शब्द. जाझ म्हणजे ते चार ढोल, दोन थाळ्या आणि पायाखालचं पेडल. जो तो वाजवतो तो जाझवाला. त्यांना ऐकायला कुणी नको होता, टेम्पोवर बसायला हवा होता.

अमेरिकेत एका अख्ख्या संगीताला जे नाव आहे ते रोह्यात एका स्टुलासमोरच्या सामानाला आहे. मी हे भाषिक अन्यायाचं उदाहरण म्हणून पत्रकात घालणार होतो. मग विचार केला की अन्याय नेमका कुणावर झालाय हे ठरत नाही, म्हणून राहू दिलं.

पार्टीची अडचण खरी होती. त्यांचा जाझवाला म्हणजे मोहल्ल्यातला एक मुलगा, कंपनीत दादाच्याच प्लँटला. वर्षानुवर्षं आळीच्या गणपतीपुढं त्याचाच जाझ वाजायचा. त्याला अचानक व्हिसा मिळाला आणि तो आखातात निघून गेला. गौरी-गणपतीचं ताशांवर निभावलं असतं. पण साखरचौथीचं काय? अनंत चतुर्दशीला सगळ्या महाराष्ट्राचे गणपती जातात. आमच्या भागाचं तेवढ्यावर भागत नाही. पितृपक्षातल्या चतुर्थीला आम्ही पुन्हा बसवतो. पेणेत वर्षभर मूर्ती तयार होतात, त्या काय कारखान्यात ठेवायच्या? तर दादाच्या आळीचा साखरचौथीचा गणपती मोठा, कुंडलिका नदीपर्यंतची विसर्जनाची मिरवणूक मोठी, आणि ती बेंजोवरच निघायची. या वर्षी मंडळाच्या अध्यक्षांनी जाहीर केलं होतं की जाझ नसेल तर बेंजोत दम नाही, सरळ डीजे लावू. अध्यक्षांचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि अध्यक्षांच्या पुतण्याचा डीजे होता. या दोन वाक्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, असं आळीत सगळे शपथेवर सांगायचे.

मंडळी निघून गेली. मी पानं घडी करून पिशवीत टाकत होतो तेवढ्यात आतल्या दारातून आवाज आला.

"ए पत्रक्या. त्या सात नंबरचं ऐकव की."

ही माझी आतेबहीण, दादाची धाकटी, माझ्याहून वर्षानं मोठी. ती एका दाताच्या दवाखान्यात पेशंटचे नंबर पुकारायचं काम करायची. मी तिला सांगितलं की नावं नाहीत. ती म्हणाली, "मला नंबरच बरे. नाव पुकारलं की चार जन उठतात."

मी लॅपटॉप काढला. इथून पुढं जी शिफारस झाली तीच मी आजही करतो, म्हणून सविस्तर सांगतो.

सातपासून सुरुवात करू नये. मी केली होती. त्यात सॅक्सोफोनवाला सुरात येतो तो न येतो तोच ड्रमवाला त्याच्या बोलण्यात तोंड घालतो, आणि शेवटपर्यंत घालत राहतो. तिनं भुवया उंचावून ऐकलं. "नवरा-बायको हायत," ती म्हणाली. "एकबी दुसऱ्याला वाक्य पुरं करू देत नाय. पन घर चाललंय."

मी तिला द्वंद्ववाद समजावून सांगितला. विरोधी शक्तींचा संघर्ष, त्यातून पुढची अवस्था.

"त्येच म्हनलं ना मी," ती म्हणाली.

नवख्यानं सुरुवात तीनपासून करावी. तिथला ड्रमवाला काठ्या वापरतच नाही, तारांचे ब्रश वापरतो, आणि ढोलाच्या चामड्यावर ते नुसते गोल गोल फिरवतो. मी पत्रकात याला 'संयत प्रतिकार' म्हटलं होतं. माझी आत्या ताक घुसळता घुसळता म्हणाली, "कोन झाडतंय गो आंगन?" यापेक्षा चांगलं वर्णन मी अजून वाचलेलं नाही, आणि मी बरंच वाचलंय. घरात वडीलधारी माणसं असतील तर नऊ नंबर लावू नये. त्यात सगळ्यांनी आपापलं वाजवून झाल्यावर ड्रमवाला एकटाच सुटतो. आत्या बाहेर येऊन म्हणाली, "भांडी पडली काय?"

आणि अकरा. अकरा मला कधी आवडला नव्हता. संथ, रडका, आणि ड्रमवाला जवळपास गैरहजर. अधूनमधून थाळीला बोट लावल्यासारखा आवाज येतो, बस. मी तो सॅक्सोफोनवाल्यासाठी सुचवला होता. पहिल्यांदा ऐकून ती म्हणाली, "ह्या ड्रमवाल्याला पगार देतात?" दुसऱ्यांदा लॅपटॉपच्या जवळ सरकली. तिसऱ्यांदा तिनं आवाज वाढवायला सांगितला.

"तो वाजवत नाय ना," ती म्हणाली, "तवा बाकीचे त्याच्याकडं बघत बघत वाजवतात. आता येल, आता येल. ऐक."

मी ऐकलं. मला तसं काही ऐकू आलं नाही. मी तिला पुन्हा सातकडे वळवायचा प्रयत्न केला. शोषितांचा संताप अकरात नाही, असं बजावलं. ती म्हणाली, "तुला संताप पायजे तर सकाली दवाखान्यात ये."

मग तिनं गोधडी थोडी सरकवून आतल्या थाळीवर नख मारलं आणि पटकन पुन्हा झाकली.

"पार्टीचा सेट आमच्याकडंच असतो ना," ती खालच्या आवाजात म्हणाली. "दादा फस्ट शिफ्टला गेला की वाजवते. धाव्वीपासनं. गोधडी घालूनच. लोकांना ऐकू नको जायला."

"आणि दादाला?"

"समद्यांना म्हायती हाय. कुनाला म्हायती नाय." मग तिनं सरळ सांगितलं. "मला साखरचौथीला टेम्पोवर बसायचंय. गोधडी काढून त्यो कसा वाजतो त्येच मला अजून म्हायती नाय रे."

मी ट्रॅक अकरासह चौदाच्या चौदा ट्रॅक तिच्या मोबाइलवर टाकून दिले आणि लढ्याला लागलो. म्हणजे पेणेला परत येऊन पत्रकाचा मथळा लिहिला: 'जाहीर निषेध'. फोनवर तिला वाचून दाखवला. ती म्हणाली, "पत्रक काढलंस तर तुजं डोकं जाझच्या जागी ठेवून वाजवीन." शोषितानं कार्यकर्त्याला असं बोलावं याचा मला धक्का बसला. अभ्यासवर्गात याबद्दल काही सांगितलं नव्हतं.

तिनं दादाला स्वतःच विचारलं. दादा वाईट माणूस नाही. तो अडचणीत आला की टोपी काढून डोकं खाजवतो. त्यानं डोकं खाजवलं आणि अध्यक्षांना विचारतो म्हणाला. अध्यक्ष घरी आले, तेव्हा योगायोगानं मी होतो. त्यांनी चहा घेतला, दुसऱ्यांदा घेतला, आणि म्हणाले, "पोरगी गुनी हाय. प्रश्न पोरीचा नाय. परंपरेचा हाय."

"कुठली परंपरा?" मी विचारलं.

"टेम्पोवर पोरगी, गनपतीपुढं, आनि त्यातून पितृपक्षात. पितर काय म्हन्तील?"

टेम्पोची परंपरा मंडळाला टेम्पो मिळाला त्या वर्षी सुरू झाली होती. मोहल्ल्यातला मुलगा इतकी वर्षं जाझवर बसत होता तेव्हा कुणाचे पितर उठून आले नव्हते, आणि ते योग्यच होतं. पितर एकूण समजूतदार असतात, ते फक्त घरातली मुलगी काठ्या उचलते तेव्हा जागे होतात. मी हे सगळं बोललो. अध्यक्ष हसून म्हणाले, "मामांचा शोभतोस," आणि कप खाली ठेवून गेले.

दादानं मग पेणेच्या एका ब्रास बँडमधला जाझवाला ठरवला. जिवंत. त्याचा मोबाइल नंबर होता, तो उचलतही होता. अध्यक्षांनी अट घातली: मिरवणूक निघताना जाझवर माणूस बसलेला पाहिजे, नाहीतर डीजे. माझी आतेबहीण त्या दिवसापासून कुणाशी धड बोलेना. आत्या म्हणायची, "गो, जेव तरी." ती जेवायची, आणि ताटाच्या कडेवर बोटं वाजवायची.

विसर्जनाच्या दिवशी मी रोह्यात होतो. मी नास्तिक असल्यामुळे आरतीला उभा राहत नाही, म्हणून मला बांबू दिला होता. मिरवणुकीत रस्त्यावरच्या विजेच्या तारा बांबूनं वर उचलून धरायच्या, म्हणजे देवाचा मुकुट अडकत नाही. नास्तिकाकडून देवाला एवढं संरक्षण पुरे.

टेम्पो सजला, सेट चढवला, स्टूल रिकामं. दादानं पेणच्या माणसाला फोन लावला.

"वडखलला हाय," तो म्हणाला.

आरती झाली. प्रसाद वाटला. दादानं पुन्हा लावला.

"वडखललाच हाय."

वडखळच्या नाक्यावर गाडी अडकली म्हणजे काय, हे आमच्याकडे कुणाला समजवावं लागत नाही. तिथं लोकांची लग्नं चुकलीत. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं आणि मान डोलावली. पुतण्या आधीच त्याच्या स्पीकरच्या वायरी सोडवत बसला होता, इतका तयारीत की वडखळचा जाम त्यानंच लावला असावा.

तेवढ्यात माझी आतेबहीण घरातून आली. ओढणी कमरेला बांधलेली, चपला हातात. टेम्पोचं फळकूट धरून वर चढली, चपला स्टुलाखाली ठेवल्या, काठ्या उचलल्या.

"उतर गो," दादा दबक्या आवाजात म्हणाला.

"तुज्या कंपनीत," ती मात्र मोठ्यानं म्हणाली, "रिलिव्हर आला नाय तर मशीन तशीच सोडून जातात काय?"

दादाचा हात टोपीकडे गेला. कारण हा त्यांच्या धंद्यातला पहिला नियम. केमिकल प्लँटवर पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलिव्हर, येऊन चार्ज घेईपर्यंत आधीच्यानं जागा सोडायची नाही, आणि तो आलाच नाही तर जो हजर असेल त्यानं उभं राहायचं. जागा रिकामी राहिली तर रिॲक्टर कुणाची परंपरा बघत नाही. हा नियम पार्टीतल्या प्रत्येकानं डबल शिफ्ट करून पाळला होता.

"आधीचा चार्ज न देता दुबईला गेला," ती म्हणाली. "नवा वडखलला बसलाय. मंग मधे कोन उभं ऱ्हानार? मी हजर हाय."

बेंजोवाला म्हणाला, "पॉइंट हाय."

"ही काय कंपनी हाय?" अध्यक्ष कडाडले.

"अध्यक्ष," ढोलवाला म्हणाला, "तुमचा पुतन्या आमच्याच प्लँटला हाय. इचारा त्याला."

सगळ्यांनी पुतण्याकडे पाहिलं. त्याच्या दोन्ही हातांत वायरी. त्यानं काकांकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं (दादा त्याचा शिफ्ट इन्चार्ज होता), आणि पडेल आवाजात म्हणाला, "नियम तसाच हाय, काका."

मी आयुष्यभर पत्रकं वाचत आलो. कामगारवर्गाची एकजूट प्रत्यक्षात पाहिली ती तिथं, आणि तीही वायरी धरलेल्या डीजेवाल्याच्या तोंडून.

"रिलिव्हर येईपर्यंत," दादा म्हणाला. "आला की उतरायचं."

"आला की उतरीन."

बेंजो सुरू झाला. तिनं पहिला ठोका मारला आणि स्वतःच दचकली. इतकी वर्षं गोधडीतून आलेला आवाज तिला माहीत होता, हा नव्हता. दोन मात्रा हुकल्या. अध्यक्षांच्या चेहऱ्यावर पितर दिसू लागले. मग तिनं ओठ आवळून ताल पकडला, आणि आळी नाचायला लागली. नाचणारे लोक फार तत्त्वनिष्ठ असतात. ताल बरोबर असला की तो कुणी धरलाय हे ते विचारत नाहीत.

अध्यक्षांच्या दुकानासमोर गाणं ऐन भरात असताना तिनं दोन्ही काठ्या वर उचलल्या आणि वाजवायचं थांबवलं. नुसता बेंजो चालू, ढोलवाला मागं वळून तिच्याकडे बघतोय, पन्नास पाय हवेत. आता येईल, आता येईल. मग ती आली. लोक असे ओरडले की माझ्या बांबूवरची तार सुटता सुटता राहिली. अकरा नंबरमध्ये काय आहे ते मला त्या दिवशी कळलं. तरीही सातच श्रेष्ठ, असं माझं मत आहे. मत एकदा छापलं की बदलता येत नाही.

बाजारपेठेच्या वळणावर एक रिक्षा थांबली आणि तीतून पेणचा जाझवाला उतरला. अंगात बँडचा लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, कोटाच्या खिशात स्वतःच्या काठ्या. घामानं भिजलेला. वडखळमधून सुटका झालेल्या माणसाच्या चेहऱ्यावर असतो तसा भाव.

दादा कीबोर्डवरून वाकून बहिणीला ओरडला, "रिलिव्हर आला! उतर!"

"गानं संपू दे!" ती वाजवता वाजवता ओरडली. "चार्ज देते!"

हे नियमातच होतं. चालू बॅच अर्धवट सोडून चार्ज देत नाहीत. दादानं बेंजोवाल्याला हातानं खूण केली की संपव. बेंजोवाला, कमी बोलणारा, रिटायरमेंटला आलेला, त्यानं दादाकडे पाहिलं, मान हलवली, आणि त्या गाण्याच्या शेवटच्या सुरावरून तसाच पुढच्या गाण्यात शिरला. ते संपत आलं तसा तिसऱ्यात. बेंजोची हीच तर कला आहे. एका गाण्याचं शेपूट दुसऱ्याच्या तोंडात.

लाल कोटवाला टेम्पोच्या बाजूनं माझ्याबरोबर चालायला लागला. त्यानं खिशातल्या काठ्या चाचपल्या. मग मला विचारलं, "ह्यांचं गानं संपतं कुटं?"

"कुंडलिकेत," मी म्हणालो.

तो हसला नाही. तो तिच्या पायाकडे बघत होता, पेडलवरच्या. एका ठिकाणी त्यानं स्वतःशीच मान डोलावली आणि मग ती डोलावलेली कुणी पाहिली का म्हणून इकडंतिकडं पाहिलं.

नदी दिसायला लागली, आणि बेंजोवाल्याची गाणी संपली. खरोखर संपली. त्याच्या कपाळावरून घाम ओघळत होता, बोटं पट्ट्यांवर शोधत फिरत होती आणि त्याला पुढचं काही सुचेना. एक सूर लांबत लांबत विरायला आला. तिनंही ते ओळखलं. काठ्या सैल झाल्या. मी दादाकडे पाहिलं, कारण आता काही करायचीसुद्धा गरज नव्हती, नुसतं गप्प बसलं की झालं असतं.

दादानं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी परत घातली, आणि तो सूर पूर्ण विरायच्या आत कीबोर्डवर नवं गाणं उचललं. बहिणीकडे न बघता. अध्यक्षांकडे तर मुळीच न बघता. घाटाच्या शेवटच्या पायरीपर्यंत ते चाललं.

गणपती पाण्यात गेला. वाजप थांबलं. कान सुन्न झाले होते, आणि नदीवर एकदम एवढी शांतता झाली की कुणाच्या तरी लेकराचं रडणं ऐकू आलं. ती टेम्पोवरून उतरली, चपला घातल्या, आणि नियमाप्रमाणे लाल कोटवाल्यासमोर जाऊन काठ्या पुढं केल्या.

"घ्या चार्ज."

"आता काय वाजवू?" तो म्हणाला. "देव गेला पान्यात."

"मंग पुढच्या साखरचौथीला या. माजे रिलिव्हर म्हनून."

त्यानं तिच्याकडे पाहिलं, मग टेम्पोकडे, मग आम्ही चालत आलो त्या रस्त्याकडे. "म्हंजे नदीपर्यंत चालतच यायचं ना?"

"व्हय," ती म्हणाली. "चपला चांगल्या घाला."